जुळी आहेत. पुण्याला फीटल मेडिसिनवाल्यांकडे जाऊ की इथल्याच मॅडमकडे राहू?

शर्वरी_फलटण
नमस्कार. दोन वर्षं इथे नुसती वाचतेय, लिहायची वेळ आज आली.

मला दहा आठवडे चार दिवस झालेत, पहिलीच वेळ, वय २९. आठव्या आठवड्यात इथल्या मॅडमनी सोनोग्राफी केली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "हे बघ एक ठोका, आणि हा दुसरा." हे बाहेर गाडी लावत होते, त्यांना आत बोलावून परत दाखवलं. तेव्हापासून घरात आनंद पण आहे आणि रोज एक चर्चा पण आहे.

जाऊबाई हडपसरला असतात, त्यांचं म्हणणं जुळी म्हणजे हाय रिस्क, पुण्यात फीटल मेडिसिनचे, म्हणजे पोटातल्या बाळाचे स्पेशालिस्ट असतात त्यांच्याकडेच नाव घाल. सासूबाईंचं म्हणणं की मॅडम तीस वर्षं डिलिव्हऱ्या करतायत, आमच्या भावकीतली अर्धी पोरं त्यांच्याच हातची, आणि दर खेपेला लोणंद जेजुरी करत शंभरेक किलोमीटर बाईला गाडीत घालून न्यायचं त्यानेच काहीतरी व्हायचं. मला दोघींचंही पटतं म्हणून जास्त गोंधळ. मॅडम स्वतः म्हणाल्या, "जुळी म्हणून जास्त लक्ष ठेवू, बारा आठवडे होऊ देत मग बोलू." म्हणजे नेमकं काय बोलणार ते मी विचारलं नाही, तेव्हा सुचलंच नाही.

खर्चाचंही आहे. गाडी, तपासणी सगळं धरून एका खेपेला सात-आठ हजार जातील. गरज असेल तर करूच, पण घाबरून करायला नको असं ह्यांना वाटतं. माझ्या आईला माझ्या वेळी बीपी झालं होतं, हे पण सांगून ठेवते.

ज्यांना जुळी झालीत त्यांनी प्लीज सांगा, स्पेशालिस्ट दाखवला का, आणि फरक पडला का?

मोगरा७
शर्वरी अभिनंदन!! दोन पेढे आमचे 😊

दोघांचीआई
अभिनंदन गं. सगळ्यात आधी एक सांग, वार (प्लॅसेंटा, बाळाला रक्त पुरवते ती) एक आहे की दोन? रिपोर्टवर काही लिहिलंय का, डायकोरिओनिक (दोन वार) किंवा मोनोकोरिओनिक (एक वार) असं?

मला कुणी हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर माझे दोन महिने रडण्यात गेले नसते. मी "जुळी धोका" असं शोधत बसायचे आणि सगळं एकत्रच अंगावर यायचं. जुळ्यांचा धोका सगळ्यांना सारखा नसतो. दोघांना आपापली वार असेल तर जुळ्यांमधला तो सगळ्यात बरा प्रकार. वार एकच आणि पाण्याच्या पिशव्या दोन असतील तर लक्ष खूप जास्त ठेवावं लागतं. आणि वारही एक, पिशवीही एक असं अगदी क्वचित होतं, पण ते सगळ्यात जोखमीचं, कारण दोघांच्या नाळा एकमेकीत गुंततात.

आमच्या डॉक्टरांनी माझ्या आईला समजावलं ते असं, की एक वार म्हणजे एकाच विहिरीवर दोन मोटा चालल्यात असं समजा, आतून झरे जोडलेले असले तर एकाच्या वाटचं पाणी दुसऱ्याच्या शेतात जातं. आईला लगेच समजलं, मला मात्र तोपर्यंत तीन लेख वाचूनही समजलं नव्हतं.

हे बघायची योग्य वेळ म्हणजे अकरा ते चौदा आठवडे. पुढे पुढे पिशव्यांचे पडदे एकमेकांना चिकटतात आणि नीट कळत नाही. म्हणजे तुझी वेळ आत्ता आलीय. पुण्याला जायचं की नाही हे त्यानंतर ठरव, पण हे बघणं चुकवू नको.

शर्वरी_फलटण
रिपोर्ट काढून बघितला. "ट्विन लाइव्ह प्रेग्नन्सी" आणि खाली "फॉलोअप ॲट ट्वेल्व्ह वीक्स" एवढंच आहे. वारेचं काही नाही.

घाटमाथा
मी जरा वेगळं बोलणार आहे. माझी मुलं आता अकरा वर्षांची आहेत, पाटणला राहतो आम्ही. वार दोन होत्या. कुठलाही फीटल मेडिसिनवाला बघितला नाही, आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांनीच सगळं केलं, सदतिसाव्या आठवड्यात कराडला सिझर, मुलगा दोन किलो चारशे, मुलगी दोन किलो दोनशे. पाचव्या दिवशी घरी. हल्ली जुळी म्हटलं की बाईला आजारी असल्यासारखं वागवतात, तिच्या डोक्यात भीती भरवून ठेवतात, त्या भीतीचा त्रास कुणी मोजत नाही. शर्वरी, तुझ्या मॅडम तीस वर्षांच्या अनुभवी आहेत, त्यांच्यावर विश्वास ठेव.

तिळगूळ
घाटमाथा, तुमचं छान झालं पण तुमच्या वार दोन होत्या हे तुम्हाला माहीत होतं ना, म्हणजे कुणीतरी वेळेत बघितलं होतं. शर्वरीला अजून तेवढंही माहीत नाही.

घाटमाथा
हो, ते बघितलं होतं, साताऱ्याला एका रेडिओलॉजिस्टकडे. बरोबर आहे, तेवढं करावंच.

पाणकणीस
हा धागा उघडून तीनदा बंद केला. लिहू की नको वाटत होतं. पण लिहिते, कारण शर्वरीचे सोळा आठवडे अजून व्हायचेत.

माझी वार एक होती. हे बाराव्या आठवड्याच्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं होतं, छापलेलं होतं, पण मला कुणी त्याचा अर्थ सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. पुढची सोनोग्राफी थेट विसाव्या आठवड्याची दिली होती, नेहमी एका बाळाला देतात तशी. अठराव्या आठवड्यानंतर माझं पोट एकदम वाढायला लागलं. आठ दिवसांत. रविवारी घातलेला ड्रेस पुढच्या सोमवारी चढेना. सगळे म्हणायचे जुळी आहेत, वाढणारच. मी पण हसून तेच सांगायचे. रात्री आडवं झालं की दम लागायचा तर तीन उशा घेऊन बसून झोपायचे. एकोणिसाव्या आठवड्यात नणंदेने हट्टाने नेलं दुसरीकडे. तिथल्या डॉक्टरांनी प्रोब ठेवला आणि बोलायच्या थांबल्या. एका बाळाभोवती पाणीच पाणी आणि दुसरं जवळजवळ कोरडं, पडदा अंगाला चिकटलेला, ते एका कोपऱ्यात, हललंसुद्धा नाही. वारेतल्या जोडलेल्या शिरांतून एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जातं, त्याला ट्विन टू ट्विन ट्रान्सफ्यूजन म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या शहरात लेसर झालं. पोटातून बारीक दुर्बीण आत घालतात आणि वारेवरच्या जोडलेल्या शिरा जाळून बंद करतात. मी जागी होते. माझा एक मुलगा आता चार वर्षांचा आहे, शेजारीच झोपलाय. दुसरा लेसरनंतर तिसऱ्या दिवशी गेला.

मी कुणाला दोष द्यायला लिहीत नाहीये. दोन आठवडे आधी बघितलं असतं तर दोघं राहिले असते का, हे मला कुणीच खात्रीने सांगू शकलं नाही. पण कुणीतरी बघायला तर हवं होतं. शर्वरी, वार एक निघाली तर दर पंधरा दिवसांनी जा. खड्डे असू देत, पैसे जाऊ देत, सासूबाई रागावू देत.

दोघांचीआई
पाणकणीस 🙏 काय बोलू. लिहिलंत म्हणून खूप खूप आभार.

घाटमाथा
ताई, वाचून सुन्न झालो. माझं वरचं बोलणं सरसकट होतं. मागे घेतो. दोन वार असतील तरच ते लागू.

रेडिओलॉजीवाली
मी सोनोग्राफी करते, रोजच्या कामातला हा विषय आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. शर्वरी, तुझी तपासणी मी केलेली नाही तेव्हा हे सल्ला म्हणून नको घेऊ, तुझ्या मॅडमना काय विचारायचं त्यासाठी घे.

अकरा ते चौदा आठवड्यांत आम्ही दोन पिशव्यांमधला पडदा जिथे वारेला टेकतो तिथे बघतो. दोन वार असतील तर पडदा जाडसर असतो आणि मुळाशी वारेचं त्रिकोणी टोक वर आलेलं दिसतं, त्याला लॅम्डा म्हणतात. एकच वार असेल तर पडदा पातळ, आणि सरळ काटकोनात टेकलेला, इंग्रजी टी सारखा. हा फोटो काढून रिपोर्टला लावून घ्यावा, पुढे कुणालाही शंका आली की तोच उपयोगी पडतो. तो दिसायला चांगलं मशीन लागतं आणि बघणाऱ्याचा हात बसलेला लागतो. हे फलटणला होत असेल तर फलटणला करा, नसेल तर ह्या एका तपासणीसाठी तरी बाहेर जा.

त्यानंतरचं गणित असं. दोन वार असतील तर विसाव्या आठवड्यानंतर साधारण दर चार आठवड्यांनी वाढ बघायची. एक वार असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी, डिलिव्हरीपर्यंत. प्रत्येक वेळी दोघांभोवतीचं पाणी, दोघांचं मूत्राशय भरलेलं दिसतंय का, दोघांच्या वजनातला फरक, नाळेतला रक्तप्रवाह. पाणकणीस ताईंना जे झालं ते एक वार असलेल्या जुळ्यांमध्ये शंभरातल्या दहा-पंधरा जणींना होतं. म्हणजे बाकीच्या पंचाऐंशी-नव्वद जणींना होत नाही, हेही लक्षात ठेव. पण कुणाला होणार हे आधी सांगता येत नाही, म्हणून सगळ्यांनाच बघावं लागतं. लेसर साधारण सोळा ते सव्वीस आठवड्यांच्या मधे करतात, वेळेत कळलं तरच.

आणि एक मोठा गैरसमज. आपल्याकडे फीटल मेडिसिनचे डॉक्टर बहुतेक वेळा डिलिव्हरी करत नाहीत. ते तपासणी करतात, लागलं तर पोटातल्या बाळावरचे उपचार करतात आणि तुझ्या डॉक्टरना रिपोर्ट पाठवतात. त्यामुळे "हे की ते" असा प्रश्न मुळात नसतोच. मॅडम सोडायच्या नाहीत. चांगले प्रसूतितज्ज्ञ स्वतःच पाठवतात, त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही.

मोगरा७
माझा एक बावळट प्रश्न, एक वार म्हणजे सारखी दिसणारी जुळी आणि दोन वार म्हणजे वेगळी दिसणारी असंच ना?

रेडिओलॉजीवाली
अजिबात बावळट नाही, रोज विचारतात. एक वार असेल तर एकसारखीच. पण उलटं खरं नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी साधारण एक तृतीयांशांना वार दोन असतात, बीज अगदी पहिल्या दोन-तीन दिवसांतच दुभंगलं तर. म्हणून "दोघं सारखी आहेत का" ह्यापेक्षा "वार किती" हा प्रश्न महत्त्वाचा.

अंजूकाकू
शर्वरी बाळा, अनेक आशीर्वाद. तुझ्या सासूबाईंच्या बाजूने मी दोन शब्द बोलते, इथे सगळ्या तरुण मुली आहेत. आमच्या वेळी पोटात दोन आहेत हे कळायचंच बाळंतपणात. माझ्या थोरल्या जावेचं पहिलं बाळ झालं, सुईण म्हणाली थांबा अजून एक आहे, आणि सासरे अंगणात हात धुवायला निघाले होते ते पायरीवरच बसले. ती दोघं आज नातवंडांची आजोबा आहेत. पण तिच्याच पाठच्या बहिणीची दोन्ही गेली आणि ती पण गेली, आठव्या महिन्यात, झटके येऊन. ते आम्ही कुणी बोलत नाही. सासूबाईंना जी बरी झालेली आठवतात ती खरी आहेत, गेलेल्यांची नावं घरात घेत नाहीत म्हणून ती मोजली जात नाहीत. त्यांच्याशी भांडू नको, जवळ बसून सांग. त्यांना बरोबर घेऊन जा तपासणीला.

सोनोग्राफीने बाळाला इजा होते का ही शंका त्यांना असेल तर डॉक्टरीणबाईंनी सांगावं.

रेडिओलॉजीवाली
काकू, ह्यात एक्स-रे सारखे किरण नसतात, ध्वनिलहरी असतात. गरजेपुरती, डॉक्टरांनी सांगितलेली सोनोग्राफी सुरक्षित मानतात. तुमचं झटक्यांचं फार महत्त्वाचं आहे, ते बहुतेकदा बीपी वाढून येतात, आणि जुळ्यांमध्ये बीपी वाढण्याचं प्रमाण जास्त असतं आणि शर्वरीच्या आईला बीपी होतं. शर्वरी, हे मॅडमना पहिल्या फाइलवर लिहून घ्यायला सांग. काहींना बारा आठवड्यांनंतर कमी डोसची ॲस्पिरिन देतात, तुला लागेल का ते त्याच ठरवतील, मनाने काही घेऊ नको. डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे काजवे, चेहऱ्यावर सूज, असं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

लीड्सकर
इकडचं सांगते. मी इंग्लंडमध्ये, जुळ्या मुली, आता दीड वर्षाच्या. इथे निवड करायचा प्रश्नच आला नाही. बाराव्या आठवड्याच्या स्कॅनला जुळी दिसली, वार दोन आहेत हे तिथेच लिहिलं आणि आपोआप ट्विन क्लिनिकला नाव गेलं. वीस, चोवीस, अठ्ठावीस, बत्तीस, छत्तीस अशी स्कॅन लागली. एक वार असलेल्या मैत्रिणीला सोळापासून दर दोन आठवड्यांनी बोलवायचे. पैसे काही नाहीत. मिडवाइफ तीच, डॉक्टर तेच, स्कॅनवाली तीच. मला तेव्हा वाटायचं किती साधं आहे, आईला फोनवर सांगायचे तर आई म्हणायची "स्पेशालिस्ट नाही दाखवत का गं तुला तिकडे?" ती सगळी टीम स्पेशालिस्टच होती पण कुणी तसं म्हणत नव्हतं.

मला सदतिसाव्या आठवड्यात कळा आणल्या, दोघी नॉर्मल झाल्या, दुसरी अकरा मिनिटांनी. जुळी म्हणजे सिझरच असं नसतं हेही सांगायचं होतं, पहिल्या बाळाचं डोकं खाली असेल तर विचारून बघ.

आशाताई_माण
नमस्कार ताई. मी माण तालुक्यात आशा आहे, अकरा वर्षं. तुम्ही खाजगीत दाखवत असाल तरी आपल्या उपकेंद्रात नाव नोंदवाच. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात सुरक्षित मातृत्वाची तपासणी असते, स्त्रीरोगतज्ज्ञ येतात, फुकट असते. जुळं असलं की आम्ही कार्डावर लाल खूण करतो, मग सिस्टर पण फोन करून विचारत राहतात. माझ्याकडच्या एका पोरीला असंच जुळं होतं, ऊसतोडीला जाणारं घर, तिला तोडीला जाऊ दिलं नाही म्हणून मुकादम माझ्या दारात भांडायला आला होता. हिमोग्लोबिन सात होतं तिचं. सिव्हिलला नेऊन इंजेक्शनं चालू केली. १०८ चा नंबर सगळ्यांना पाठ असतो पण गाडी यायला वेळ लागला तर जवळचं कोण, कुणाची गाडी, रक्त कोण देईल हे सातव्या महिन्यातच ठरवून ठेवा. जुळ्यात रक्तस्राव जास्त होऊ शकतो. लोहाच्या गोळ्या चहासोबत घेऊ नका.

तिळगूळ
आशाताई, तुमच्यासारख्या बाया आहेत म्हणून गावं चाललीत. नमस्कार तुम्हाला.

बाप_दोघींचा
सगळे पोटातल्या नऊ महिन्यांबद्दल बोलतायत, मला त्यानंतरच्या नऊ दिवसांबद्दल बोलायचंय. आमच्या मुली चौतिसाव्या आठवड्यात झाल्या, अचानक पाणी गेलं. हॉस्पिटल चांगलं होतं, डॉक्टर चांगले होते, पण लहान बाळांच्या अतिदक्षतेत एकच पेटी रिकामी होती. एक मुलगी तिथे राहिली आणि एकीला ॲम्ब्युलन्समधून दुसऱ्या गावाला नेलं, एक किलो सहाशे ग्रॅम. बायको सिझरच्या टाक्यांसकट इथे, मी तिथे, आमची आई दोन्हीकडे. सकाळी सहाच्या एसटीने मी बायकोचं दूध घेऊन जायचो. आधी स्टीलच्या थर्मासमध्ये बर्फ भरायचा आणि मधे छोटी बाटली, झाकणावर चिकटपट्टी लावून त्यावर वेळ लिहायची. कंडक्टरला चौथ्या दिवशी माहीत झालं होतं, पुढची सीट माझ्यासाठी धरून ठेवायचा. बायकोने दुसऱ्या मुलीला नवव्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतलं.

म्हणून शर्वरी, तपासणी कुठे करायची ह्याच्याइतकाच, किंवा जास्तच, प्रश्न हा की डिलिव्हरी कुठे करायची. जिथे करणार तिथे नवजात बाळांचं आयसीयू त्याच इमारतीत आहे का, दोन पेट्या आणि दोन व्हेंटिलेटर एका वेळी मिळतील का, रात्री बालरोगतज्ज्ञ असतात का, हे तोंडावर विचार. जुळी वेळेआधी होण्याचं प्रमाण खूप आहे. वेळेआधी होणार असं वाटलं तर आईला फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, ती द्यायला थोडा वेळ हातात लागतो, आम्हाला तो मिळाला नाही.

मोगरा७
थर्मासचं वाचून डोळे भरून आले. आता कशा आहेत दोघी?

बाप_दोघींचा
तिसरीत आहेत. जी दुसऱ्या गावाला गेली होती ती पळण्यात तालुक्यात पहिली आली.

दोघांचीआई
दुधाचं निघालंच म्हणून सांगते, मुंबईत सायनच्या हॉस्पिटलमध्ये १९८९ पासून मातृदुग्ध पेढी आहे, आशियातली पहिली. आता बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांत अशा पेढ्या आहेत. कमी दिवसांच्या बाळांना आईचं दूध लगेच पुरलं नाही तर तिथलं देतात. डिलिव्हरीचं ठिकाण ठरवताना हेही विचारता येईल.

घाटमाथा
विश्रांतीचं काय? आमच्या सौ.ला सहाव्या महिन्यापासून पूर्ण झोपवून ठेवलं होतं. शर्वरी, घरकाम बंद कर.

लीड्सकर
मला उलट सांगितलं होतं, नुसतं झोपून राहू नका, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, हळूहळू चालत राहा.

रेडिओलॉजीवाली
हल्ली जुळी आहेत एवढ्याच कारणासाठी झोपवून ठेवत नाहीत, वेळेआधीची डिलिव्हरी त्याने टळते असं दिसलेलं नाही. जड उचलणं, तासन्‌तास उभं राहणं टाळावं. गर्भाशयाचं तोंड आखूड झालंय का हे वीस आठवड्यांच्या आसपास मोजतात. जुळी असलेल्या सगळ्यांनाच त्या तोंडाला टाका घालतात असंही नाही, तुझ्या डॉक्टर बघून ठरवतील.

अंजूकाकू
आणि डोहाळजेवणाला ओटी दोनदा भरायची बरं का, आमच्याकडे तशीच पद्धत होती. दोन नारळ. उचलायला मात्र नणंदेला बसवायचं.

मोगरा७
काकू 😄 दोन पाळणे, दोन आत्या लागतील नाव ठेवायला.

तिळगूळ
शर्वरी, तुझ्या ह्यांच्या ऑफिसची मेडिकल पॉलिसी असेल तर आत्ताच वाचून घे. मॅटर्निटीची मर्यादा किती, आणि नवजात बाळ पहिल्या दिवसापासून धरतात का, आणि दोन्ही बाळं धरतात का. एका पेटीचा एका दिवसाचा खर्च ऐकलास तर पुण्याच्या सोनोग्राफीचे पैसे जड वाटणार नाहीत. आणि पुण्याला जाताना मॅडमची चिठ्ठी आणि आधार कार्ड ने, सोनोग्राफीआधी फॉर्म भरून घेतात. मुलगा की मुलगी हे विचारूही नका, कायद्याने कुणी सांगत नाही.

शर्वरी_फलटण
दोन आठवड्यांनी येतेय, माफ करा. तुमचे सगळे प्रतिसाद ह्यांनी मोठ्याने वाचून दाखवले घरात. पाणकणीस ताईंचं वाचताना हे मधेच थांबले, मग सासूबाईंनीच "पुढे वाच" म्हटलं.

बारा आठवडे झाल्यावर मॅडमकडे गेले आणि सरळ विचारलं, वार एक का दोन, आणि मला पुण्याला जायला हवं का. त्यांनी ड्रॉवरमधून चिठ्ठी काढली, आधीच लिहिलेली होती, माझ्या नावाची. म्हणाल्या, "मी तुला पाठवणारच होते, पण त्याआधी पाठवलं असतं तर उगीच दोन खेपा झाल्या असत्या. तो पडदा मला माझ्या मशीनवर खात्रीने सांगता यायचा नाही." मी इतके दिवस त्यांना न सांगता दुसरीकडे जावं का ह्याचा विचार करत होते ह्याचं फार वाईट वाटलं.

काल पुण्याला जाऊन आलो. सासूबाई बरोबर होत्या. डॉक्टरांनी पडदा दाखवला, रेडिओलॉजीवाली ताई, अगदी तुम्ही लिहिलंय तसा, पातळ, सरळ टेकलेला. टी. वार एक, पिशव्या दोन. दोघांचे ठोके चांगले आहेत, मानेमागचं मोजमाप चांगलं आहे. एकाने हात तोंडाजवळ धरला होता आणि दुसरा पाय मारत होता, मधला पडदा हलत होता त्याने.

सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी बोलावलंय. सगळं नीट राहिलं तर छत्तीस-सदतीसच्या आत डिलिव्हरी करू म्हणाले. मॅडमच फाइल बघणार, बीपी, रक्त सगळं इथे. बत्तीस आठवड्यांनंतर मी जाऊबाईंकडे राहायला जाणार आणि डिलिव्हरी पुण्यात, नवजात आयसीयू आहे तिथे. दोन पेट्यांचं विचारलं. डॉक्टर म्हणाले हा प्रश्न फार कमी जण विचारतात.

रात्री झोप लागली नाही. सासूबाई उशाशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, पंधरा दिवसांनी मी येणार बरोबर, गाडीत उशी मी धरते.

एकच अडचण. सोळावा आठवडा नेमका पालखीत येतोय. दिवे घाट बंद, सासवड जेजुरी लोणंद सगळीकडे वारी. काय करावं?

पाणकणीस
शर्वरी, तू गेलीस. बरं वाटलं मला. दर खेपेनंतर इथे एक ओळ टाकशील का?

शर्वरी_फलटण
टाकेन ताई. नक्की.

सासवडकर
पालखीचं मी सांगतो, आमचा जन्म त्या रस्त्यावर गेला. माऊली घाट चढून सासवडला येतात त्या दिवसापासून तुमच्या फलटणला पोचेपर्यंत हा रस्ता गाडीसाठी विसरा. लोणंदला मुक्काम, पुढे चांदोबाच्या लिंबाला रिंगण, तिथे तर पाय ठेवायला जागा नसते. तुम्ही पालखी पुण्यात पोचायच्या दोन-तीन दिवस आधीच जाऊन या, डॉक्टरांना फोन करून विचारा, सोळाला दोन-चार दिवस कमी चालतील का. आधी जमलं नाही तर लोणंदवरून शिरवळला निघा आणि हायवे धरा, पण पालखी लोणंदला असेल ते दिवस सोडून. पहाटे पाचला निघा. दर तासाला थांबून पाच मिनिटं चालायला लावा वहिनींना. आणि येताना कुठे अडकलात तर सासवडला आमचं घर आहे, पालखीत तीनशे माणूस जेवतं, तुमच्यासाठी एक खोली आणि पंखा नक्की निघेल. निरोपातून नंबर पाठवतो.

रेडिओलॉजीवाली
दोन-चार दिवस आधी चालतं शक्यतो, पण त्यानंतरची तारीख त्या दिवसापासून पंधरा दिवसांनीच धरायची, सोळापासून मोजून लांबवायची नाही. डॉक्टरांना विचारून पक्कं कर.

शर्वरी_फलटण
विचारलं. पालखी आळंदीहून निघते त्याच्या आदल्या दिवशीची सकाळी साडेदहाची वेळ दिली. सासवडकर दादा, खोलीचं सासूबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या येताना त्यांच्याकडे बसून चहा घेऊनच यायचं.